आधी हेडफोनचं खोकं वाचा

हेडफोनसाठी अ‍ॅम्प्लिफायर घ्यायचं मनात असेल, तर दुकानात जाण्याआधी हेडफोनचं खोकं शोधून काढा. त्यावर किंवा आतल्या माहितीपत्रकात दोन आकडे असतात: इंपीडन्स किती ओहम आणि सेन्सिटिव्हिटी किती डेसिबल. अ‍ॅम्प लागणार की नाही, याचं बरंचसं उत्तर तिथंच मिळतं. नुसत्या नावावर जाऊ नका. बेयरडायनॅमिकचा डीटी ८८० हा एकच हेडफोन ३२, २५० आणि ६०० ओहम अशा तीन प्रकारांत निघालेला आहे, आणि तिघांची भूक वेगवेगळी आहे.

ऑडिओ-टेक्निकाचा एम५०एक्स ३८ ओहमचा. तो फोनवरही मोकळा वाजतो, त्याच्यासाठी खर्च करू नका. सेनहायझरचा एचडी ६०० मात्र ३०० ओहमचा. त्याला १ व्होल्ट मिळाला की ९७ डेसिबल आवाज निघतो, आणि फोनला लावायचा साधा डोंगल साधारण तेवढंच देतो. आजची सिनेमाची गाणी मुळातच चढ्या पातळीवर मुद्रित केलेली असतात, ती त्यावर छान ऐकू येतात. पण जुन्या मैफलीचं ध्वनिमुद्रण लावा. आवाज पूर्ण चढवूनही विलंबितातला तानपुरा लांबच राहतो. संगीतातली क्षणिक उसळी ११० डेसिबलपर्यंत पेलायची, तर याच हेडफोनला सुमारे साडेचार व्होल्ट लागतात. अ‍ॅम्पचं खरं काम इथं आहे. ब्लूटूथ हेडफोनमध्ये अ‍ॅम्प आतच असतो, त्याच्यासाठी वेगळा घेऊच नका.

नुसती ताकद पाहूनही भागत नाही. अ‍ॅम्पचा स्वतःचा आउटपुट इंपीडन्स हेडफोनच्या एक अष्टमांशाहून जास्त नसावा. ३२ ओहमच्या हेडफोनला ४ ओहमपर्यंत. तो जास्त असला तर काही हेडफोनांचा खर्ज उगाच फुगतो. कानात घालायचे इअरफोन वापरत असाल, तर गाणं बंद ठेवून फक्त अ‍ॅम्प चालू करा आणि मागची खरखर ऐका. मग नॉब अगदी थोडा फिरवून आवाज दोन्ही कानांत सारखा येतो का, तेही बघा.

किमतीबद्दल एक गोष्ट लक्षात ठेवा. २०११ साली एका अनामिक अभियंत्यानं ‘ओटू’ नावाच्या अ‍ॅम्पचा आराखडा सगळ्यांसाठी खुला केला. त्याच्या मोजमापांनी स्वच्छ आवाजासाठी फार पैसे लागत नाहीत हे दाखवून दिलं. पुढं २०१८ मध्ये जेडीएस लॅब्जचा अ‍ॅटम ९९ डॉलरला आला, तोही त्याच वाटेवरचा. त्यापुढचे पैसे बहुतेक वेळा जादा ताकद, जादा सोयी किंवा रूप यांसाठी जातात.

रूपासाठी पैसे देण्यात गैर काही नाही. रोज डोळ्यांसमोर राहणारी वस्तू देखणी असावी, असं मलाही वाटतं. फक्त तो खर्च रूपाच्याच खात्यावर मांडा. व्हॉल्व्हचा अ‍ॅम्प अंधारात सुंदर दिसतो, पण तापतो. घरात लहान मूल असेल तर तो हाताला लागेल असा ठेवू नका. चालू-बंदचं बटण मागच्या बाजूला असेल, तर रोज तिथं हात घालावा लागेल, हेही आधीच पाहा.

मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर ऐका नाहीतर मित्राच्या घरी, हेडफोन आणि गाणं तुमच्या ओळखीचंच न्या. दोन अ‍ॅम्पची तुलना करताना दोघांचा आवाज आधी सारखा करून घ्या, कारण किंचित मोठा वाजणारा अ‍ॅम्प कानाला नेहमी सरस वाटतो. माझा पहिला अ‍ॅम्प मी असाच ‘भरदार’ वाटला म्हणून घेतला होता. पुढं मित्राच्या स्वस्त अ‍ॅम्पशी आवाज जुळवून ऐकला, तेव्हा दोघांत काहीच फरक सापडला नाही.

आणि कान सांभाळा. कामाच्या ठिकाणच्या आवाजासाठी अमेरिकेतल्या एनआयओएसएच संस्थेनं सुचवलेली मर्यादा ८५ डेसिबलला दिवसाचे ८ तास आहे; ८८ डेसिबलला ती ४ तासांवर येते. नवा अ‍ॅम्प घरी आला की नॉब आधी पूर्ण खाली करा आणि मगच हेडफोन कानाला लावा.