वकील हवा, पण कुठल्या गाठीसाठी?

पेडणे-डिचोलीकडे सोयरिकीच्या बोलणीत हल्ली पत्रिकेबरोबर पासपोर्टही बघितला जातो. मुलगा पोर्तुगीज पासपोर्टवर इंग्लंडात, स्विंडनला नोकरीला असला की प्रश्न येतो, लग्नानंतर मुलगी तिकडे जाणार कधी? पाठोपाठ दुसरा, व्हिसासाठी वकील करायचा की नाही? कुणी म्हणतं, वकिलाशिवाय काम होत नाही. कुणी म्हणतं, फॉर्म तर भरायचा, वकील कशाला? वाचकहो, आधी गाठ कुठे आहे ते पाहावं.

पहिली गोष्ट तारखेची. नवरा ३१ डिसेंबर २०२० पूर्वी युरोपीय नागरिक म्हणून ब्रिटनमध्ये राहत असेल आणि लग्नही तोवर झालं असेल, तर पत्नीसाठी बिनफीचा वेगळा परवाना आहे. त्यानंतर लग्न झालेल्यांना नेहमीचा जोडीदाराचा व्हिसा घ्यावा लागतो. त्यासाठी उत्पन्नाची अट एप्रिल २०२४ मध्ये वर्षाला १८,६०० वरून २९,००० पौंडांवर गेली. मुलीचा इथला पगार त्यात धरत नाहीत. शिवाय इंग्रजीची परीक्षा आणि क्षयरोगाची तपासणी. अर्ज फेटाळला तर फी परत मिळत नाही.

दुसरी गोष्ट आपल्या कागदांची. गोव्यात पहिली सही म्हणजे लग्न नव्हे, ती फक्त इराद्याची नोंद. दुसरी सही होऊन नोंदणी झाली, की कायद्याने लग्न. देवळात अक्षता पडल्या म्हणून व्हिसाच्या कचेरीचं समाधान होत नाही. सावंतवाडीकडे लग्न लागलं असेल तर नोंदणी महाराष्ट्राच्या कायद्याने होते, आणि मराठी दाखल्याचं इंग्रजी भाषांतर जोडावं लागतं. त्यात जुन्या पोर्तुगीज दप्तरात आडनावाचं स्पेलिंग एक, शाळेच्या दाखल्यावर दुसरं, आणि लग्नात मुलीचं नावही बदललेलं!

ही नावांची गाठ लंडनचा वकील सोडवू शकत नाही. तिला म्हापशाचा किंवा डिचोलीचाच वकील हवा, तोही अर्ज भरण्याआधी. उलट आधीचा नकार, पूर्वीचा घटस्फोट, मुदत संपून राहिल्याची नोंद किंवा स्वतःच्या धंद्याचं उत्पन्न, यांपैकी काही असेल तर तिकडचा जाणकार गाठावा. नकारानंतरच्या अपिलालाही परदेशातून २८ दिवसांचीच मुदत असते.

यातलं काहीच नसेल, पगार पक्का असेल, सहा महिन्यांच्या पगारचिठ्ठ्या आणि बँकेचा उतारा जुळत असेल, तर फॉर्म नवराबायकोने मिळून भरावा. धाकधूक वाटली तर पूर्ण काम न सोपवता एकदाच फी देऊन फाईल तपासून घ्यावी.

मात्र पैसे देण्यापूर्वी माणूस पारखावा. ब्रिटनमध्ये इमिग्रेशनचा सल्ला द्यायला वकिलाची सनद किंवा सरकारी नोंदणी लागते, विनानोंदणी सल्ला देणं गुन्हा आहे. ही नोंदणी कुणालाही तपासता येते. नोंदणीचा नंबर विचारल्यावर जो चिडतो, त्याला नमस्कार करून उठावं. आणि ‘व्हिसा शंभर टक्के’ म्हणणारा कुणीही असो, निर्णय त्याच्या हातात नसतो.

मुलीच्या आईवडिलांनी एवढं तरी करावं. व्हिसासाठी दागिना मोडण्याआधी सगळे दाखले एका टेबलावर मांडून नाव, तारीख, स्पेलिंग वाचून बघावं. या कामाला फी लागत नाही.