तिसऱ्या पिनेकडे दुर्लक्ष

संगणकाच्या कॅबिनेटला हात लागताच मुंग्या येतात, ही तक्रार शहरांतील कचेऱ्यांना आणि घरांना नवी नाही. पायांखाली लाकडी फळी किंवा रबरी चपला, हे त्यावरचे ठरलेले उपाय. मूळ दोष मात्र भिंतीतच राहतो.

संगणकाच्या पॉवर सप्लायमध्ये विजेतील अडथळे गाळणारे छोटे कपॅसिटर फेज आणि न्यूट्रल अशा दोन्ही बाजूंनी कॅबिनेटला जोडलेले असतात. त्यांतून झिरपणारा अत्यल्प प्रवाह अर्थिंगच्या तारेने जमिनीत जावा, अशी योजना आहे. ती तार नसेल तर २३० व्होल्टच्या पुरवठ्यावर कॅबिनेटवर सुमारे ११५ व्होल्टचा दाब उभा राहतो. एरवी त्याने झिणझिण्यांपलीकडे काही होत नाही. परंतु आत फेजची तार पत्र्याला टेकली, तर फ्यूज उडण्यास वाटच उरत नाही आणि ती पेटी प्राणघातक ठरते. स्पाइक गार्डचेही संरक्षण अर्थिंगविना अपुरेच.

याहून धोकादायक आहे ती वायरमनची 'युक्ती'. सॉकेटमध्येच न्यूट्रल आणि अर्थ यांना तारेच्या तुकड्याने जोडले जाते. मुंग्या थांबतात, ग्राहक खूष होतो. मात्र पुढे न्यूट्रल कोठे तुटली, की चालू संगणकाचा पत्रा थेट फेजच्या दाबाला येतो. विशेष म्हणजे मीटरने तपासले तरी ही लबाडी सहज उघड होत नाही. फेज व अर्थ यांत २३० व्होल्ट भरतात. भार चालू असताना न्यूट्रल व अर्थ यांत एक-दोन व्होल्ट दिसणे स्वाभाविक. तेथे नेमके शून्य आले, तर सॉकेट उघडून पाहावे.

जुन्या इमारतींत दोनच तारांचे वायरिंग असल्याने तिसरी तार नळाच्या पाइपला बांधण्याची पद्धत पडली. ते पाइप पीव्हीसीचे झाले आणि तीही निरुपयोगी ठरली. वास्तविक ग्राहकाच्या जागेत अर्थचे टर्मिनल पुरविण्याचे दायित्व वीजपुरवठादारावर १९५६च्या विद्युत नियमांनी टाकले होते. २०१०च्या विनियमांतही ते कायम राहिले. इमारतीच्या अर्थपिटची देखभाल मात्र सोसायटीकडेच येते. उन्हाळ्यात माती सुकली की तिचा रोध वाढतो, मिठाने पाइप गंजतो. परवानाधारक कंत्राटदाराकडून अर्थ टेस्टरने मोजणी करून घेणे आणि ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी बसविणे, हा खर्च नव्या संगणकाच्या किमतीपुढे किरकोळ आहे.