जुना मोबाईल चोरीचा निघाला, तर पैसे कुणाचे बुडतात?

हरवलेले आणि चोरीला गेलेले मोबाईल पोलिसांनी मूळ मालकांना परत दिले, अशा बातम्या आता जवळपास प्रत्येक जिल्ह्यातून येतात. टेबलावर ओळीनं मांडलेले फोन, मागं साहेब उभे, पुढं हसऱ्या चेहऱ्यानं फोन घेणारे मालक. आनंद खराच आहे. पण त्या फोटोत एक माणूस कधीच दिसत नाही. ज्याच्याकडून तो फोन काढून आणला, तो. बरेचदा तो चोर नसतोच. त्यानं कुठल्यातरी दुकानात, बाजारात नाहीतर ओळखीच्या पोराकडून पाच-सहा हजार रोख मोजून तो घेतलेला असतो. फोन गेला, पैसेही गेले, आणि वरून पोलीस ठाण्यात जबाब द्यावा लागला तो वेगळाच.

चोरीचा फोन म्हणजे पेटतं लाकूड. ज्याच्या हातात शेवटी राहतं, त्याचा हात भाजतो. आणि शेवटचा हात बहुतेक वेळा गरिबाचाच असतो, कारण नवा फोन ज्याला परवडत नाही तोच जुना शोधतो. हौस म्हणून नाही. ई-पीक पाहणी फोनवरून, पीएम किसानची ई-केवायसी फोनवरून, लाडकी बहीणचा ओटीपी फोनवर. घरात एक तरी स्मार्टफोन पाहिजेच, अशी वेळ सरकारनंच आणली आहे. मग देगलूर, मुखेड, किनवटच्या बाजारात 'बिल नाही, पण पीस एक नंबर' असं कुणी म्हटलं की माणूस भुलतो.

हे पकडलं कसं जातं, ते समजून घ्या. प्रत्येक फोनला १५ आकडी आयएमईआय नंबर असतो. दोन सिमच्या फोनला असे दोन नंबर. फोन चोरीला गेला की मालक पोलिसांत तक्रार देतो आणि सीईआयआर या केंद्र सरकारच्या यंत्रणेत त्या नंबरची नोंद करतो. ही यंत्रणा सप्टेंबर २०१९ मध्ये सुरुवातीला आपल्या महाराष्ट्रातच आली, आणि मे २०२३ पासून 'संचार साथी' पोर्टलवर देशभर चालू झाली. नोंद झाली की तो फोन नेटवर्कवर बंद करता येतो. कुणी त्यात सिम घातलं, तर कुठल्या नंबरचं सिम आहे ते पोलिसांना कळतं. म्हणून चोर स्वतःचं सिम त्यात घालतच नाही. सिम घालतो तो विकत घेणारा. फोनही त्यालाच येतो, 'तुमच्याकडचा मोबाईल चोरीचा आहे, ठाण्यात आणून द्या.'

'आपण तर पैसे देऊन घेतला, आपला काय दोष?' असं आपल्याला वाटतं. कायदा असं म्हणत नाही. विकणाऱ्याचा ज्या वस्तूवर हक्कच नव्हता, त्या वस्तूवर घेणाऱ्याचाही हक्क होत नाही. हा नियम १९३० च्या माल विक्री कायद्यापासून आहे. फोन मूळ मालकाचाच राहतो. त्यापुढची गोष्ट जास्त गंभीर आहे. चोरीचा माल आहे हे माहीत असून, किंवा तसं वाटायला सबळ कारण असून तो घेतला, तर भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१७ खाली तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. 'मला माहीत नव्हतं' एवढं म्हणून भागेलच असं नाही. वीस हजारांचा फोन चार हजारांत, बिल नाही, डबा नाही, चार्जरही नाही, आणि विकणारा नाव सांगत नाही, मग संशय कसा आला नाही, असं विचारलं तर उत्तर काय देणार?

नुकसान कमी करायचं तर घेण्याआधी पाच मिनिटं काढा. डायल पॅडवर *#०६# दाबा, आयएमईआय दिसेल. तो बिलावरच्या आणि डब्यावरच्या नंबरशी आकडा न् आकडा जुळवा. मग मेसेजमध्ये इंग्रजीत केवायएम ही तीन अक्षरं, जागा सोडून तो १५ आकडी नंबर, आणि १४४२२ वर पाठवा. संचार साथी ॲपवरही हेच तपासता येतं. उत्तरात ब्लॅकलिस्टेड, डुप्लिकेट किंवा आधीच वापरात आहे असं आलं, तर फोन तिथंच ठेवून घरी या. किती का स्वस्त असेना.

पण मेसेजचं उत्तर चांगलं आलं म्हणजे फोन निर्धोक, असं मुळीच नाही. रविवारी यात्रेत मारलेला फोन सोमवारी विकला जातो. गावाहून ठाण्यापर्यंत जाऊन, डुप्लिकेट सिम काढून मालक नोंद करेपर्यंत दोन-चार दिवस, कधी आठवडाही जातो. तोवर तपासणीत फोन स्वच्छच दिसतो. म्हणून खरा आधार मूळ बिलाचा. बिल नसेल तर विकणाऱ्याकडून साध्या कागदावर पावती लिहून घ्या. त्यात नाव, गाव, फोनचं मॉडेल, दोन्ही आयएमईआय, रक्कम, तारीख आणि सही, सोबत ओळखपत्राची झेरॉक्स. पैसे फोन पे, गुगल पे नाहीतर बँकेतून द्या, म्हणजे कुणाला दिले त्याची नोंद राहते. हे ऐकून जो तिरमिरतो, 'आपल्यावर भरोसा नाही का' म्हणतो, त्याच्याकडून घेऊच नका.

चोरीचा नसलेला फोनही गोत्यात आणतो. हप्त्यावर घेतलेल्या काही फोनमध्ये फायनान्स कंपनी कुलूप लावणारं ॲप टाकते. आधीच्या मालकानं हप्ता थकवला की फोन तुमच्या हातात बंद पडतो. तसंच गुगल खात्याचं. विकणाऱ्यानं आपलं खातं काढलं नाही, तर रिसेट केल्यावर फोन जुन्या मालकाचाच पासवर्ड मागत बसतो. तुमच्यासमोर खातं काढायला लावा, रिसेट करा, चालू करून बघा, मगच पैसे. बॅटरी फुगली आहे का, डिस्प्ले बदलला आहे का हे तर आपण बघतोच.

दुकानदाराकडे हे फोन येतात कुठून, हा प्रश्न मात्र फारसा कुणी विचारत नाही. गावोगाव मोटारसायकलवर फिरून जुन्या, बंद मोबाईलच्या बदल्यात प्लास्टिकचे टब, डबे देणारे आपण सगळ्यांनी पाहिलेत. ऑगस्ट २०२४ मध्ये शेजारच्या तेलंगणात रामगुंडमच्या पोलिसांनी असेच फोन गोळा करणाऱ्यांना पकडलं. त्यांच्याकडे सुमारे चार हजार जुने मोबाईल पोत्यांत भरलेले सापडले. ते झारखंडकडच्या सायबर टोळ्यांना पुरवले जात होते, असं पोलिसांचं म्हणणं होतं. म्हणजे टबाच्या मोबदल्यात दिलेला आपला बंद फोन दुरुस्त होऊन कुणाला तरी फसवायला वापरला जाऊ शकतो, आणि त्याचा आयएमईआय आपल्या नावच्या बिलावर असतो. काही ठिकाणी तर आयएमईआयच बदलतात. २०२३ च्या दूरसंचार कायद्यात त्याला तीन वर्षांपर्यंत कैद किंवा ५० लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही आहे.

नियम कागदावर आहेत. ऑक्टोबर २०२५ मध्ये केंद्रानं दूरसंचार सायबर सुरक्षेच्या नियमांत दुरुस्ती केली. जुना फोन विकण्याआधी त्याचा आयएमईआय सरकारी यादीशी ताडून बघायचा, असं त्यात आहे. आपल्या तालुक्यातल्या दुकानात जाऊन सहज विचारून बघा, किती जणांना हे ठाऊक आहे. पोलिसांनाही एक सांगावंसं वाटतं. परत दिलेल्या फोनचा आकडा सांगता, त्यासोबत तो फोन कुठल्या दुकानातून विकला गेला, त्या दुकानावर काय कारवाई झाली, हेही सांगा. विकणारा मोकळा राहिला तर पुढच्या महिन्यात तोच फोन दुसऱ्या गिऱ्हाइकाच्या गळ्यात पडेल.

आणि ठाण्यातून असा फोन आलाच तर घाबरून सिम काढून टाकू नका, मोबाईल दुसऱ्याला विकून मोकळे होऊ नका. तसं केलं तर संशय वाढतो. आधी आपल्या जवळच्या ठाण्यात जाऊन तो कॉल खरा पोलिसांचाच आहे का, खात्री करा. पोलिसांच्या नावानं 'मिटवून टाकतो, एवढे पैसे पाठवा' म्हणणारे भामटेही आहेत. तसं कुणी म्हटलं, तर १९३० वर तक्रार करा. कॉल खरा असेल तर फोन जमा करा, त्याची पोच घ्या, आणि कुणाकडून, कधी, कितीला घेतला ते जबाबात लिहून द्या. दुकानातून घेतला असेल आणि पावती असेल, तर त्या जोरावर दुकानदाराकडं पैसे मागता येतात. नाही दिले तर जिल्हा ग्राहक आयोगात जाता येतं.