‘व्हायरल’ म्हणून हात झटकू नका!

पावसाळा सुरू झाला की आपल्या वस्त्यांमध्ये एकच शब्द ऐकू येतो, ‘व्हायरल’. पोराला ताप आला, व्हायरल. म्हातारीला जुलाब लागले, व्हायरल. गल्लीच्या तोंडाशी दवाखाना थाटून बसलेला डॉक्टरही तेच सांगतो, एक इंजेक्शन टोचतो, चार रंगीत गोळ्या पुडीत बांधून देतो आणि दिवसाची मजुरी काढून घेतो. रोग कोणता, तो आला कुठून, हे विचारायची सोयच नाही. व्हायरल म्हटले की विषय संपला!

काही वर्षांपूर्वी आमच्या शेजारी हेच घडले. दोन वर्षांच्या मुलीला पहाटेपासून उलट्या आणि पाण्यासारखे जुलाब होत होते. दवाखान्यात सांगितले, ‘पोटाचा फ्लू आहे.’ आईबापांनी फ्लू हा शब्द तेवढा धरला. सर्दीतापात पाणी जास्त देऊ नये अशी त्यांची समजूत. म्हणून पाणी बेताने पाजले. संध्याकाळी मूल मान टाकू लागले तेव्हा सरकारी रुग्णालयाकडे धाव घेतली. मुलगी वाचली. पण एका चुकीच्या शब्दापायी ती हातची जाणार होती, हे विसरता येत नाही.

‘पोटाचा फ्लू’ नावाचा रोगच नाही. फ्लू म्हणजे इन्फ्लुएंझा. तो नाक, घसा आणि फुप्फुसांचा रोग आहे. २००९ साली पुण्यात ज्या स्वाइन फ्लूने लोकांच्या तोंडाला मास्क लावायला लावले, तो याच जातकुळीतला. तो खोकल्या-शिंकेतून पसरतो. एकाएकी सणसणून ताप, अंग ठेचल्यासारखे दुखणे, डोकेदुखी, घसा धरणे, कोरडा खोकला ही त्याची ओळख.

पोटाच्या विषाणूची तऱ्हा निराळी. रोटाव्हायरस, नोरोव्हायरस ही त्यातली मुख्य नावे. आपण त्या आजाराला गॅस्ट्रो म्हणतो. तो दूषित पाण्यातून, अन्नातून, न धुतलेल्या हातांतून पोटात जातो. मळमळ, उलट्या, पोटात कळा आणि पाण्यासारखे जुलाब ही त्याची लक्षणे. ताप आलाच तर बहुधा बेताचा. खोकला आणि घसादुखी नसते. लहान मुलांना फ्लूमध्येही उलट्या होतात, म्हणून एकाच लक्षणावर जाऊ नये. रोगाचा मुख्य जोर छातीवर-घशावर आहे की पोटावर, हे पाहावे. थंडी वाजून ताप येत असेल तर मलेरिया, डेंग्यूसाठी रक्त तपासून घ्यावे.

रोग दोन, तर उपायही दोन. फ्लूमध्ये विश्रांती, पातळ आहार आणि तापाची गोळी बहुतेकांना पुरते. गरोदर बाई, म्हातारी माणसे, दमेकरी यांनी मात्र पहिल्या दोन दिवसांतच डॉक्टर गाठावा. फ्लूवर औषध आहे आणि ते लवकर घेतले तरच नीट लागू पडते. धाप लागली तर कोणीच घरी थांबू नये.

गॅस्ट्रोत माणूस मरतो तो अंगातले पाणी आणि क्षार गेल्याने. म्हणून पहिले औषध ओआरएस. पुडीवर लिहिले असेल तेवढ्याच उकळून गार केलेल्या पाण्यात ती विरघळवावी आणि घोट घोट पाजत राहावे. पुडी नसेल तर एक लिटर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. चमचा चहाचा. अंगावरचे दूध बंद करू नये. मुलांना १४ दिवस झिंकच्या गोळ्या द्याव्यात. विषाणूवर अँटिबायोटिक चालत नाही. डोळे खोल गेले, लघवी थांबली, जुलाबातून रक्त पडले, मूल सुस्तावले किंवा पाजलेले काहीच टिकेना, तर तडक रुग्णालय.

‘सलाईनशिवाय गुण येत नाही’ म्हणणाऱ्यांनी १९७१ साल आठवावे. बांगलादेशातून आलेल्या निर्वासितांच्या बनगाव येथील छावणीत पटकीने माणसे मरत होती आणि सलाईन संपत आले होते. डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, ग्लुकोज आणि खायचा सोडा पाण्यात कालवून रुग्णांना पाजायला सुरुवात केली. शेकडा ३० च्या आसपास असलेले मृत्यू शेकडा ४ च्या आत आले. पुढे सरकारने त्यांना पद्मविभूषण दिले, पण ते २०२३ साली, मरणोत्तर! गरिबांच्या या औषधात नफा नाही आणि कित्येक दवाखान्यांत त्याचे नावही निघत नाही. ओआरएसच्या नावाखाली गोड पेये मात्र वर्षानुवर्षे विकली गेली. अन्न सुरक्षा प्राधिकरणाने त्याला मनाई केली ती ऑक्टोबर २०२५ मध्ये.

आता मुख्य मुद्दा. व्हायरल म्हटले की दोष हवेचा, दोष नशिबाचा. जबाबदार कोणीच नाही. पण गॅस्ट्रो म्हटले की प्रश्न उभा राहतो, की पाणी कोणी दूषित केले? ती मुलगी आजारी पडली त्याच आठवड्यात त्या गल्लीत आणखी चार घरांत जुलाब होते. नळाची पाइप उघड्या गटारातून गेली होती. हे सर्वांना दिसत होते. पण रोगालाच नाव नव्हते, मग तक्रार कशाची करणार? गॅस्ट्रो उष्ट्या-खरकट्यातून, हातातूनही पसरतो हे खरे. तरीही एका गल्लीत पाच घरी एकदम जुलाब लागले तर आधी पाणीच तपासले पाहिजे.

म्हणून गल्लीत दोन-तीन घरी जुलाब दिसताच आशाताईंना कळवा, आरोग्य केंद्रात नोंद करा, पाण्याचा नमुना तपासायला भाग पाडा. अर्ज लेखी द्या आणि पोच घ्या. पाणी उकळा, हात साबणाने धुवा. नोरोव्हायरसपुढे सॅनिटायझर फारसे चालत नाही. बाळांना सहाव्या, दहाव्या आणि चौदाव्या आठवड्यात रोटाव्हायरसची लस सरकारी केंद्रात फुकट मिळते, ती चुकवू नका. फ्लूची लस वेगळी. तिने जुलाब थांबत नाहीत.

१९२७ साली महाडला आपण पाण्यावरचा हक्क बजावला. तो हक्क गटारातून आलेल्या पाण्यासाठी नव्हता. आधी रोगाला त्याच्या खऱ्या नावाने हाक मारा. मग ज्याने उत्तर द्यायचे त्याचेही नाव आपोआप कळेल.