शेवरोलेट की जीप: कोणती जुनी गाडी ‘व्हिंटेज’ ठरते?

संत्र्यामुळे मोर्शी-वरुड पट्ट्याला ‘विदर्भाचा कॅलिफोर्निया’ म्हणतात. आता समजा, मोर्शीत दोन घरी दोन जुन्या अमेरिकी गाड्या आहेत. एका वाड्यात 1938 ची शेवरोलेट कापडाखाली झाकलेली, तर दुसऱ्या घरची 1970 ची जीप आजही संत्र्याच्या बगीच्यात जाते. दोन्हींचं वय पन्नाशीपुढे. मग दोन्ही ‘व्हिंटेज’?

नाही. नियम फक्त वय बघत नाही.

गाड्या अमेरिकी, जोडणी मुंबईची

जनरल मोटर्सने 1928 मध्ये मुंबईत शिवडीला कारखाना सुरू केला. सुटे भाग बाहेरून यायचे, शेवरोलेट इथे जोडली जायची. 1954 मध्ये कंपनीने गाशा गुंडाळला. विलीज जीपची जोडणी महिंद्राने स्वातंत्र्याच्या सुमारास मुंबईतच सुरू केली.

शेवरोलेटचं इंजिन 6 सिलेंडरचं, साडेतीन लिटरचं. ती ऐटीत मिरवायची गाडी. जीपचं 4 सिलेंडरचं, 2.2 लिटरचं. पण चारही चाकांना ताकद, म्हणून पावसाळ्यात काळ्या मातीतूनही बाहेर पडणारी.

नियम काय आहे?

केंद्राने जुलै 2021 मध्ये व्हिंटेज गाड्यांसाठी वेगळे नियम आणले.

• पहिल्या नोंदणीपासून 50 वर्षं उलटलेली हवीत.
• चेसिस, बॉडी आणि इंजिनात मोठा बदल नको.
• नवीन नोंदणीचे 20,000 रुपये, फेरनोंदणीचे 5,000. मुदत 10 वर्षं.
• नव्या नोंदणीला ‘व्हीए’ अक्षरांचा नंबर. आधीच नोंदणी असेल तर जुना नंबर ठेवता येतो.

जीप अडते कुठे?

इंजिनात. पेट्रोल परवडेना म्हणून अनेक मालकांनी जुन्या जीपला डिझेल इंजिन बसवलं. त्यामुळेच त्या इतकी वर्षं चालल्या, आणि त्यामुळेच ‘मूळ स्वरूपा’च्या अटीत अडकतात. वाड्यात उभी राहिलेली शेवरोलेट मात्र, कुणी हात लावला नसेल तर, सहज बसते.

मग जीपवाल्याचं नुकसान झालं का?

तसं नाही. व्हिंटेज नोंदणीची गाडी रोज वापरता येत नाही. प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती, इंधन भरणं अशा कामांपुरतीच ती रस्त्यावर येऊ शकते. भाड्यानेही चालवता येत नाही. ज्याची जीप अजून शेतात राबते, त्याच्यासाठी साध्या नोंदणीचं नूतनीकरण बरं. खासगी गाडीची 15 वर्षं संपली की फिटनेस तपासणी करून दर 5 वर्षांनी ते करता येतं.

म्हणून ‘व्हिंटेज’च्या मागे लागण्याआधी आरसी बुक काढा. त्यावरचं इंधन आणि इंजिन नंबर गाडीशी जुळतो का, ते बघा. इंजिन बदललंय पण आरटीओत नोंद नाही, असं असेल तर दोन्ही वाटा अडतात. आधी ते निस्तरा.