नायट्रेट : ताटातले आणि घागरीतले

किल्लारीचे नाव उच्चारताच ३० सप्टेंबर १९९३ ची ती काळी पहाट आठवते. भूकंपाने क्षणार्धात गावे जमीनदोस्त केली आणि साऱ्या जगाने त्याची दखल घेतली. परंतु आपत्ती नेहमी गर्जना करीतच येते असे नाही. विहिरींच्या व कूपनलिकांच्या पाण्यात मुरणाऱ्या नायट्रेटला रंग नाही, वास नाही, चव नाही. म्हणूनच त्याची चिंता कोणाला शिवत नाही.

वस्तुतः नायट्रेट हे सरसकट विष नव्हे. पालक, मुळा, बीट यांत ते विपुल असते. लाळेवाटे ते पुन्हा जिभेवर येते, तेथील जीवाणू त्याचे नायट्राइट करतात आणि पुढे त्यापासून नायट्रिक ऑक्साइड निर्माण होते. हा वायू रक्तवाहिन्या सैल करून रक्तदाब उतरण्यास साहाय्य करतो. त्याच्या या कार्याच्या शोधाबद्दल फर्चगॉट, इग्नारो व मुराद या शास्त्रज्ञांना १९९८ चे नोबेल पारितोषिक मिळाले. भाकरीसोबतची पालेभाजी ही निव्वळ गरिबाची तडजोड नव्हे, हे यावरून ध्यानी यावे.

मग तेच नायट्रेट घागरीत आले तर भय कशाचे? भाजीत 'क' जीवनसत्त्वासारखे संरक्षक घटक असतात, पाण्यात ते नसतात. आणि पिणारा कोण, हेही महत्त्वाचे ठरते. सहा महिन्यांच्या आतील अर्भकाला अशा पाण्यात कालवलेले दूध पाजल्यास त्याच्या रक्ताची प्राणवायू वाहण्याची शक्ती घटते, अंग निळसर पडते. अमेरिकेतील आयोवा राज्यात हा धोका १९४५ मध्येच उघडकीस आला होता. पाणी उकळल्याने नायट्रेट जात नाही. उलट पाणी आटून त्याचे प्रमाण वाढते. भारतीय मानकाची मर्यादा लिटरमागे ४५ मिलिग्रॅम आहे. केंद्रीय भूजल मंडळाच्या २०२४ च्या अहवालात महाराष्ट्रातील एक तृतीयांशाहून अधिक नमुने ती ओलांडणारे आढळले आणि नांदेड व बीड यांची गणना देशातील गंभीर जिल्ह्यांत झाली.

वाडवडिलांनी हेच पाणी प्यायले, असा युक्तिवाद केला जातो. परंतु त्यांच्या काळी उसाच्या फडात युरियाची पोती रिती होत नव्हती, की विहिरीलगत शौचालयाचे शोषखड्डे नव्हते. शिवाय, २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. जेथे पाणी मिळणे हेच भाग्य, तेथे ते कसे आहे हे विचारण्याचे धैर्य कोणाला होणार?

तरीही तो प्रश्न विचारलाच पाहिजे. प्रत्येक जलस्रोताची पावसाळ्यापूर्वी व नंतर तपासणी व्हावी आणि तिचे आकडे ग्रामपंचायतीच्या फलकावर लागावेत. पहिले सहा महिने बाळाला केवळ आईचे दूध द्यावे, हा जुनाच उपदेश येथे दुहेरी मोलाचा आहे. शेतकऱ्याने खताची मात्रा माती-परीक्षणानुसार ठरवावी. भूकंप रोखणे माणसाच्या हाती नव्हते. घागरीतले पाणी तपासणे मात्र निश्चितच आहे.