तांबडं, पिवळं आणि वजनकाटा

दिवाळीत आक्काकडे सिल्वासाला गेलो होतो. दादरा-नगर हवेलीत पॉलिएस्टर धाग्याचे कारखाने पुष्कळ. आमचे दाजी त्यातल्याच एकाच्या प्रयोगशाळेत आहेत. भाचा पुण्यात सॉफ्टवेअरमध्ये. त्याच्या कंपनीला चाचणी-अहवालाची साधनं जाणणारे दोन डेव्हलपर हवे होते, आणि अर्ज चाळायचं काम साहेबांनी ऐन सुट्टीत याच्या गळ्यात मारलेलं.

सॉफ्टवेअर बिघडलं नाही ना, हे पाहायला शेकडो चाचण्या आपोआप चालवतात. त्यांचा निकाल माणसाला वाचता येईल असा मांडायचा, हे या साधनांचं काम. रशियातल्या यांडेक्स कंपनीत जन्मलेलं ‘अल्यूर’ त्यातलं नावाजलेलं, शिवाय फुकट मिळणारं.

‘‘मामा, सगळ्यांना सगळंच येतं!’’ भाचा वैतागून म्हणाला. त्याने तिघांना फोनवर एकच प्रश्न विचारला होता. अल्यूरच्या अहवालात तांबडं आणि पिवळं यात फरक काय? दोघे म्हणाले, दोन्ही नापासच. खरं तर तांबडं म्हणजे चाचणी नीट चालली, पण अपेक्षित उत्तर आलं नाही. दोष बहुधा सॉफ्टवेअरचा. पिवळं म्हणजे चाचणीच मध्ये अडखळली.

दाजी हसले. नऊ हजार मीटर धाग्याचं ग्रॅममधलं वजन म्हणजे डेनियर. ते चुकलं तर दोष धाग्याचा की काट्याचा? ‘‘नव्या पोराला मी मुद्दाम बिघडलेला काटा देतो. काटा न तपासता धागा खराब लिहिला, की समजायचं, याच्या हातून चांगला माल भंगारात जाणार.’’

तिसरा मुलगा आपल्या निपाणीकडचा. अर्जात एकाच साधनाचं नाव. म्हणाला, ही चाचणी काल पास होती का ते आधी बघतो, मग ती एकटीच पुन्हा चालवतो, कुणाला उठवायचं ते त्यानंतर. दुसऱ्या एका साधनाबद्दल विचारलं तर बोलण्याच्या ओघात ‘गोत्तिल्ला’ म्हणून मोकळा झाला. आक्काच्या तोंडचं कन्नड भाच्याला तिथे कामी आलं! त्याचं नाव यादीत पहिलं आहे.

मी मात्र गप्प. कानावर आलेलं सगळं बायोडेटात लिहा, असं दरवर्षी वर्गात सांगणारा मीच. पिशवीत आमच्या दोन विद्यार्थ्यांचे तसलेच बायोडेटा होते, भाच्याला द्यायला नेलेले. बाहेर काढले नाहीत.

परतल्यावर दोघांना बोलावलं. म्हटलं, ज्याचा अहवाल स्वतः उघडून वाचलाय तेवढंच ठेवा. एकाच्या पानावर दीड ओळ उरली.